करडाचे डोळे

वैरागच्या एसटी स्टँडवर बार्शीच्या गाडीची वाट बघत मायलेकी बसल्या होत्या. लेकीच्या मांडीवर चित्रांचं पुस्तक, त्यात सोफ्यावर पांघरूण घेऊन झोपलेला गुबगुबीत कुत्रा. पोरीनं बराच वेळ त्याच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "आई, ह्यो गादीवर कसा गं झोपलाय? आजी हाणत न्हाई व्हय त्याला?" गाडी आली, दोघी गेल्या. प्रश्न माझ्याजवळ राहिला.

कोमेनियस नावाच्या शिक्षकानं 1658 साली न्यूरेंबर्गमध्ये मुलांसाठी सचित्र पुस्तक काढलं. त्यातली मुळाक्षरं प्राण्यांच्या आवाजांतून शिकवली आहेत. आधी कावळा ओरडतो, मग कोकरू. पोराच्या कानात आधीपासून असलेला आवाज त्यानं अक्षराला दिला. साडेतीनशे वर्षं उलटली, तरी शिकवण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

आमच्या भागातल्या पोराच्या कानात शेळी असते. काळी, लोंबत्या कानांची उस्मानाबादी शेळी. ती बहुधा जुळी देते, म्हणजे घरातल्या दोन भावंडांना एकेक करडू वाटून घेता येतं आणि भांडण मिटतं. शेळी रानात गेली की करडं डालग्याखाली झाकायची, हे काम पोरांचं. संध्याकाळी ती परतली की डालगं उचलायचं आणि बाजूला व्हायचं. करडू पुढचे गुडघे टेकून कासेला ढुशा देतं, शेपटी थरथरत राहते. पान्हा सुटायला ढुशी लागते, हे त्या पोराला कुणी शिकवलेलं नसतं. शेळीच्या पुढच्या वरच्या हिरडीला दात नसतात, हेही बोट घालून बघितलेलं असतं. बाभळीच्या शेंगा ती चवीनं खाते आणि रात्री रवंथ करताना कठीण बिया बाहेर टाकते. सकाळी झाडताना त्या गुळगुळीत बिया वेचाव्यात, त्यांवर बेरजा कराव्यात, उरलेल्या बांधावर पेराव्यात. आणि करडाचे डोळे! पिवळसर बुबुळात आडवी, लांबट बाहुली. बहुतेक चित्रांत ती गोल काढलेली असते, माणसासारखी. ज्या पोरानं करडाला मांडीवर घेतलंय, त्याला ते चित्र बघताक्षणी खोटं वाटतं. आणि चित्र खोटं वाटलं की खालच्या ओळीवरही त्याचा विश्वास बसत नाही.

माधुरी पुरंदरे स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. 'राधाचं घर' मला आवडतं, कारण त्यातली माणसं घरातलीच वाटतात. तेवढ्याच मायेनं कुणीतरी गोठा काढायला हवा. सोफ्यावरच्या कुत्र्याशी माझं वैर नाही. तोही मुलांनी बघावाच. पण वाचनातला पहिला आनंद ओळखीचा असतो. 'अगं, ही तर आपली!' असं पोर ओरडलं, की पुढचं पान ते आपणहून उलटतं.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर 2015 पासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं फुकट मिळतात. ती उतरवून घ्यायला, दुसऱ्या भाषेत न्यायला, छापायलाही मुभा आहे. नवी गोष्टही तिथं रचता येते. तेव्हा चित्रकारांनो, पुढचं पुस्तक काढण्याआधी वैरागकडं एक चक्कर मारा, एखाद्या करडासमोर उकिडवे बसा, आणि बाहुली आडवी काढा.