झटका मशीनचा मॉसफेट

मका दाण्यात आला की इंदापूरच्या बाजूने कुंपणाची झटका मशीनं दुरुस्तीला बारामतीत यायला लागतात. कुंपण बंद पडलं की रानडुकरं रातोरात पीक लोळवतात. काहीजण मग घरची लाईट सरळ तारेत सोडतात, त्यात माणसं दगावतात. म्हणून हे मशीन मी कधीच उद्यावर टाकत नाही.

परवा निमगाव केतकीचे एक आबा आले. ‘आज रातच्याला लावायचंय बघा.’

कपॅसिटर रेझिस्टन्स लावून आधी रिकामा केला. भरलेला तसाच टेस्टरला लागला तर आतली एटीमेगा चिप जाते. मग मॉसफेट, म्हणजे स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर, उतरवून टेस्टरच्या सॉकेटमध्ये धरला. तळहाताएवढा बोर्ड आणि नऊ व्होल्टची बॅटरी, एवढाच हा टेस्टर. मूळ डिझाइन जर्मनीच्या मार्कुस फ्रेयेक यांचं, वाढवलं कार्ल-हाइन्त्स क्युबेलर यांनी. त्यांनी ते खुलं ठेवलं, म्हणून आमच्यासारख्यांना हा टेस्टर परवडतो. त्यांचे उपकारच आहेत.

पूर्वी ट्रान्झिस्टरचा बेस शोधायला मल्टिमीटरचे प्रोब तीन पायांवर सहा तऱ्हांनी लावावे लागत. बीसी-५४७ची सपाट बाजू समोर धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४मध्ये बरोबर उलटं. टेस्टरला पाय कसेही द्या, तो ओळखतो, वर गेनही सांगतो. जुन्या रेडिओतल्या एसी-१२८ला बेस-एमिटर व्होल्टेज ०.७ऐवजी ०.२च्या आसपास दाखवतो, म्हणजे माल जर्मेनियमचा.

आबांचा आयआरएफझेड-४४एन शॉर्ट निघाला. पुडीतून नवा काढून टेस्टरला लावला. एन-मॉस, पाय बरोबर, थ्रेशोल्ड तीन व्होल्टच्या पुढे. पण गेटची कपॅसिटन्स एक नॅनोफॅरडही भरेना! माझ्याकडच्या अस्सल मालावर ती दोनच्या वर येते. छाप तीच, आतली चिप मात्र लहान. असला तुकडा टेबलावर चालतो आणि रानात लोड आला की उडतो. पुडीच बाजूला काढली आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या मालातला मॉसफेट तपासून बसवला.

टेस्टर जेमतेम पाच व्होल्टवर चालतो. ५५ व्होल्टचा मॉसफेट तेवढे व्होल्ट सोसेल का, हे त्याला कळत नाही. म्हणून मशीन आधी बॅटरीला गाडीचा बल्ब सिरीजमध्ये घालूनच चालू केलं. बल्ब भक्कन पेटला असता तर पुन्हा शॉर्ट. तो ठोक्यागणिक नुसता मिणमिणला. मग बल्ब काढून अर्धा तास चालवलं. मॉसफेट गारच होता. ‘आबा, न्या आता. बॅटरीच्या वायरी तेवढ्या उलट लावू नका.’