दोन दातांचा ड्रम

तो मूळचा पाइप. भोसरीच्या एमआयडीसीत कुणाच्या तरी हायड्रॉलिक सिलिंडरसाठी कापून उरलेला जाड भिंतीचा सीमलेस तुकडा, भंगाराच्या भावाने वजनावर घेतलेला. लेथवर चढवून गंज उतरवला, तोंडं सरळ केली, तेव्हा तो १०० मिलिमीटर व्यासाचा, १५० मिलिमीटर लांबीचा आणि १० मिलिमीटर भिंतीचा निघाला. वजन सुमारे ३.३ किलो. हातात घेतला की वरवंट्यासारखा ठाशीव लागतो. कॉलेजांच्या रोबोवॉरमध्ये १५ किलोच्या गटात उतरणाऱ्या रोबोचं हत्यार व्हायला याहून महाग जन्म लागत नाही.

आतून तो पोकळ आहे, आणि त्याची ताकद त्या पोकळीमुळेच परवडते. फिरणाऱ्या वस्तूत ऊर्जा साठते ती मुख्यतः अक्षापासून दूर असलेल्या वजनात. मधलं लोखंड नुसतं पोसावं लागतं. एकूण १५ किलोत चाकं, मोटरी, बॅटरी, चिलखत सगळं बसवायचं असताना असं आयतं खाणारं लोखंड कोण ठेवील? मिनिटाला ६००० फेरे घेऊ लागला की या रिकाम्या पोटाच्या ड्रममध्ये सुमारे १३५० ज्यूल जमा होतात. कागदावर एवढी ऊर्जा १५ किलोचा अख्खा रोबो नऊ मीटर उचलायला पुरते. एका टोल्यात ती सगळी समोरच्याला कधीच मिळत नाही. पण चौथा हिस्सा जरी उचलण्यात गेला, तरी प्रतिस्पर्धी माणसाच्या डोक्यावरून जाईल.

हे बळ त्याच्या अंगात लगेच येत नाही. मोटर ई-स्कूटरची, २५० वॉटची, कारण तेवढीच खिशाला झेपते. गणिताने साडेपाच सेकंद. पट्ट्याची घसरण आणि बेअरिंगचं घर्षण धरलं तर दहाच्या आसपास. लढतीचा भोंगा वाजल्यावर तेवढा वेळ तो जवळजवळ निःशस्त्र असतो. चालवणाऱ्याने रोबो भिंतीकडेने पळवायचा, अंगावर येणाऱ्याला चाकाची बाजू दाखवायची नाही आणि ड्रमचा आवाज चढत चढत एका सुरावर स्थिर होईपर्यंत कळ काढायची. प्रत्येक मोठ्या टोल्यानंतर पुन्हा हेच. त्याच्या स्वभावातली ही संथ सुरुवात ओळखणारा संघ स्वस्त मोटरवरही जिंकतो. ती न ओळखणारा दुप्पट पैसे खर्चूनही पहिल्या दहा सेकंदांत उलटा पडतो.

नवे संघ त्याच्यावर सर्वांत मोठा अन्याय करतात तो वेगाच्या बाबतीत. जितका जोरात फिरेल तितका जोरात लागेल, असं त्यांना वाटतं. ६००० फेऱ्यांना म्हणजे सेकंदाला १०० फेरे. दात दोन, म्हणून एका दातामागून दुसरा येतो तो सेकंदाच्या दोनशेव्या भागात. रोबो सेकंदाला तीन मीटर वेगाने धावत असेल, तर तेवढ्या अवधीत तो पुढे सरकतो १५ मिलिमीटर. दाताला मिळणारा घास जास्तीत जास्त एवढाच. फेरे दुप्पट केले की घास साडेसात मिलिमीटरवर येतो. दात समोरच्या चिलखतात घुसत नाही, नुसता घासत राहतो. ठिणग्यांची रांगोळी पडते, गर्दी ओरडते, आणि समोरचा रोबो जागच्या जागी उभा असतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते हे खरं. पण न लागलेल्या टोल्यात ती कितीही असली तरी काय कामाची? या ड्रमला खरी मदत होते ती चाकांच्या मोटरींची. हल्ल्याचा वेग वाढला तर घास वाढतो. म्हणून हत्यारावरचा थोडा खर्च चाकांकडे वळवा, असं मी प्रत्येक संघाला आग्रहाने सांगतो.

मग एकच दात ठेवला तर? घास थेट ३० मिलिमीटर होतो. पण समोरच्या बाजूला तेवढंच वजन देऊन तोल साधावा लागतो, आणि तोल हा या स्वारीचा सर्वांत नाजूक विषय आहे. परिघावर दहा ग्रॅमचा फरक राहिला, तर ६००० फेऱ्यांना शाफ्टवर सुमारे २० किलोचा ओढा येतो, तोही दिशा बदलत, सेकंदाला शंभर वेळा. बोल्ट सैल होतात, बॅटरीची जोडणी निसटते, रिसीव्हर बंद पडतो. दोन दात समोरासमोर असले की निम्मं काम आपोआप होतं. उरलेलं बॅलन्सिंग मशीनशिवायही जमतं. पाणसळीने समतल केलेल्या दोन धारदार पट्ट्यांवर त्याला शाफ्टसकट ठेवायचा, हलकेच ढकलायचा आणि थांबू द्यायचा. जड बाजू खाली येऊन थांबते. तिथे ड्रिलने थोडं लोखंड काढायचं, पुन्हा ठेवायचा. कुठेही ठेवला तरी तिथेच राहू लागला की काम झालं. हे करायला एक अख्खी संध्याकाळ जाते, पैसा मात्र लागत नाही.

पैसा जिथे लागतोच, तिथे ड्रम हात आखडू देत नाही. दात ईएन-२४ पोलादाचे हवेत, तेलात विझवून मग पुन्हा तापवून चिवट केलेले. नुसते कडक ठेवले तर काचेसारखे तुटतात, मऊ सोडले तर पहिल्याच लढतीत गोल होतात. शंभर ग्रॅमचा एक दात फिरताना बाहेरच्या दिशेने सुमारे २०० किलोच्या जोराने ओढला जातो, टोला बसण्याच्या आधीच. म्हणून त्याला धरायला १२.९ ग्रेडचे ॲलन बोल्ट. साध्या लोखंडाच्या सुमारे तिप्पट ताण ते सोसतात. दात वेल्डिंगने चिकटवण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ते स्वस्त आणि झटपट असतं. पण वेल्डिंगची उष्णता दातावर घेतलेली सगळी मेहनत पुसून टाकते, आणि जोडाशेजारचं पोलाद ठिसूळ होतं.

शाफ्टही ईएन-२४चाच, २० मिलिमीटरचा आणि न फिरणारा. तो रोबोच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना घट्ट धरून ठेवतो आणि ड्रम त्याच्याभोवती फिरतो. बेअरिंग ६२०४, पुण्याच्या बोहरी आळीत कुठल्याही दुकानात नंबर सांगितला की काउंटरवर येतं, आणि पंख्यापासून पंपापर्यंत सगळीकडे लागत असल्याने स्वस्त मिळतं. मोटरपासून ड्रमपर्यंत व्ही-बेल्ट. टोला बसतो त्या क्षणी बेल्ट घसरतो आणि धक्का मोटरपर्यंत पोहोचत नाही. साखळी लावली असती तर तिने तो धक्का तसाच मोटरच्या गळ्यात घातला असता.

त्याच्या फिरण्यात एक हट्टीपणा आहे. रोबो एका जागी सेकंदाला एक गिरकी घेऊ लागला, की फिरता ड्रम त्याला कुशीवर लोळवू पाहतो. या मापाच्या ड्रमचा तो पिळा सुमारे २७ न्यूटन-मीटर भरतो. चाकांमधलं अंतर ३० सेंटिमीटर असेल, तर रोबोचं स्वतःचं वजन त्याला विरोध करतं फक्त २२ न्यूटन-मीटरने. एक चाक जमिनीवरून उठतं. उपाय दोनच: चाकं रुंद बसवा, नाहीतर वळताना सबुरी ठेवा. टोल्याच्या वेळी मात्र तो मालकाशी इमान राखतो. पुढची बाजू खालून वर फिरत असल्याने समोरचा वर जातो आणि उलटा धक्का आपल्याच रोबोला जमिनीवर दाबतो. आडवी पाती फिरवणाऱ्या रोबोला हे सुख नाही. तो टोला मारून स्वतःही भेलकांडतो.

त्याचं मोठं घराणं ब्राझीलचं. रिओ दि जानेरोच्या पीयूसी विद्यापीठातल्या रिओबॉट्झ या संघाने ‘टोरो’ नावाचा ड्रमवाला रोबो गाजवला, आणि पुढे ११३ किलोच्या गटातला ‘मिनोटॉर’ अमेरिकेच्या ‘बॅटलबॉट्स’ स्पर्धेत उतरवला. त्या संघाचे मार्गदर्शक प्राध्यापक मार्को अँतोनियो मेजोलारो यांनी आपलं सगळं ज्ञान एका जाडजूड मार्गदर्शिकेत मांडून जगाला फुकट दिलं. आपल्याकडच्या वसतिगृहांत बसून शाफ्टचा व्यास ठरवणाऱ्या मुलांवर या माणसाचे मोठे उपकार आहेत. घासाचं गणितही अनेकांना तिथेच पहिल्यांदा भेटतं.

आता खर्चाच्या यादीतली एक ओळ, जी बहुतेक संघ लिहीतच नाहीत. टोकाशी ताशी ११० किलोमीटरहून अधिक वेगाने धावणारा दात सुटला, तर तो कुणाकडे जाईल हे कुणालाच सांगता येत नाही. वर्कशॉपच्या फरशीवर, मित्र भोवती उभे असताना ‘एकदा फिरवून बघू’ म्हणणं मला सहन होत नाही. जाड पत्र्याची बंद पेटी, ड्रम अडवणारी लोखंडी खीळ, बाहेरून काढता येणारी वीजजोडणी आणि रिमोटचा संपर्क तुटताच थांबणारी मोटर, हे सगळं ड्रमच्याच किमतीत धरा. बजेट अपुरं पडत असेल तर ड्रम पुढच्या वर्षी करा. पेटी मात्र याच वर्षी बांधा.