मोलकरीण बोलू लागते तेव्हा

ठरलेल्या वेळी बाई आली नाही की घरातील सारे तंत्र बिघडते. भांड्यांचा ढीग तसाच राहतो, धुणे भिजत पडते आणि गृहिणीचा पारा चढू लागतो. ‘आज पुन्हा दांडी!’ हे शब्द कुठल्या घराला परके आहेत? पण बाई का आली नाही, दिवसाकाठी ती किती घरची कामे करते, ती आजारी पडली तर तिची चूल कशी पेटते, हे सहसा कुणी विचारत नाही.

हे प्रश्न मनात घेऊन, हाती कॅमेरा धरून जी चार माणसे निघाली, त्यांचा मुक्काम होता बंगळूरला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोझ काँट्रॅक्टर यांनी 1980 साली तेथे ‘युगांतर’ हा चित्रपट-गट सुरू केला. भारतातील पहिला स्त्रीवादी चित्रपट-गट म्हणून तो ओळखला जातो. मथुरा बलात्कार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाविरुद्ध ठिकठिकाणच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तो हा काळ.

माहितीपट म्हटला की धरणे, कारखाने आणि सरकारी योजना, असेच चित्र तेव्हा प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे येई. युगांतरला कष्टकरी स्त्रीची कहाणी तिच्याच तोंडून ऐकवायची होती. 1983 पर्यंत गटाने चार लघुपट केले. एक तेलुगू, घरातल्या छळाविषयी. तो हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेसोबत केलेला. एक चिपको आंदोलनातील सुदेशा या ग्रामीण स्त्रीवरचा. आणि पहिले दोन चक्क मराठी!

पुण्यातील मोलकरणी

1980 साली पुण्यातील मोलकरणींनी एकाएकी काम बंद केले. ज्यांना कुणी कामगार म्हणायलाही तयार नव्हते, त्यांनी संप करावा याचे शहराला नवल वाटले. त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. या संघटनेसोबत युगांतरने 1981 साली ‘मोलकरीण’ हा सुमारे पंचवीस मिनिटांचा लघुपट केला. तुटपुंजा पगार, हक्काच्या सुटीचा अभाव, कधीही ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणून मिळणारा निरोप, हे सारे त्यात बायका स्वतःच सांगतात.

यात विशेष ते काय, असे कुणी म्हणेल. गिरणीतील कामगार एका छताखाली काम करतात. जेवणाच्या सुटीत एकमेकांचे दुःख त्यांना कळते. मोलकरीण मात्र प्रत्येक घरात एकटीच असते. तिची मालकीण रागावली, तिचा पगार कापला, तर ते तिला आपलेच नशीब वाटते. तिच्यासारखीच दुसरी बाई पडद्यावर तेच गाऱ्हाणे मांडताना दिसली, की नशिबाची गाठ सैल होऊ लागते. म्हणूनच हे लघुपट 16 मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर वस्त्यांमध्ये आणि संघटनांच्या बैठकांमध्ये दाखवले जात आणि मग चर्चा रंगे.

निपाणीची ऊब

पुणे-बंगळूर महामार्गावरचे निपाणी हे मराठीभाषक गाव कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यात. तंबाखूसाठी प्रसिद्ध. तेथील तंबाखूच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांनी युनियन बांधली होती. त्यांच्यावरचा ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा लघुपट 1982 सालचा. नाकातोंडात जाणारी धूळ, कामाचे लांबलचक तास, मालकांची अरेरावी, यांविषयी बायका बोलत गेल्या आणि मंडळी ऐकत राहिली. चित्रीकरण थेट कारखान्यांच्या आत झाले. काही प्रसंग तर कामगार स्त्रियांनी स्वतःच पुन्हा घडवून दाखवले.

मग तो खरा माहितीपट कसा, अशी शंका येणे साहजिक आहे. पण जे रोज सोसले, ते कसे दाखवायचे हे सोसणारीनेच ठरवावे, यात खोटे ते काय? एरवी गरीब स्त्रीवरचे चित्रपट तिच्याविषयी इतरांना हळहळायला लावतात. येथे ती दीनवाणी नाही. ती विचार करते, वाद घालते, डावपेच आखते.

पुढे युगांतरचे काम थांबले. आभा भैया दिल्लीच्या ‘जागोरी’ या स्त्री-संघटनेच्या उभारणीत सहभागी झाल्या. दीपा धनराज यांनी 1991 साली कुटुंबनियोजनाच्या सक्तीवर ‘समथिंग लाइक अ वॉर’ हा गाजलेला माहितीपट केला. मणी कौल यांच्या ‘दुविधा’चे छायाचित्रण करणारे नवरोझ काँट्रॅक्टर 2023 साली अपघातात गेले. बर्लिनच्या ‘आर्सेनल’ या संस्थेच्या पुढाकाराने हे जुने लघुपट डिजिटल रूपात जतन झाले आणि आता नव्या पिढीलाही ते पाहता येतात.

दाराच्या आत

दरम्यान कायदाही थोडा हलला. महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करण्यास केंद्र सरकारला सांगितले. पण कारखान्यात निरीक्षक जातो, तसा स्वयंपाकघरात कोण जाणार? तेथे मालकही एक स्त्रीच असते. तिच्या स्वतःच्या घरकामाचा हिशेब कुणी ठेवत नाही आणि सुटी तिलाही नसते. म्हणूनच खरे तर बाईचे दुःख तिला सर्वांत आधी कळायला हवे.

‘मोलकरीण’ बायकांनी वस्तीत बसून पाहिला. तो ज्या घरांविषयी आहे, त्या घरांतही एकदा सर्वांनी मिळून पाहावा. पंचवीस मिनिटांचाच तर प्रश्न आहे. आणि मग बाईला नुसते एवढे विचारावे, ‘महिन्यातल्या कुठल्या चार दिवशी सुटी घेशील?’ ती देणे कुठल्याही कायद्यावाचून अडलेले नाही.