रेडिंगची तीस इंजिनं

पेन्सिल्व्हेनियातल्या रेडिंग रेल्वेकडे बाल्डविन कंपनीने १९२३ ते १९२५ या काळात बांधलेली मालगाडीची जड इंजिनं होती. वर्ग आय-१०. पुढे दोन लहान चाकं, त्यामागे ओढणारी आठ मोठी चाकं, आणि मागे काहीच नाही. कोळशाच्या डब्यांची लांबलचक रांग संथ चालीने ओढत न्यायची, हे त्यांचं काम. १९४५ साली रेल्वेने यातली तीस इंजिनं आपल्याच कारखान्यात घेतली, खिळ्या-बोल्टांपर्यंत सोडवली, आणि दोन वर्षांत त्यांच्यातून तीस वेगळी इंजिनं उभी केली. पुढे चार, मध्ये आठ, मागे चार चाकं. वर्ग टी-१, क्रमांक २१०० ते २१२९.

हे करावंसं वाटलं याला कारणं होती. महायुद्धात वाहतूक अतोनात वाढली होती, डिझेल इंजिनं कुणाला किती मिळतील हे सरकार ठरवत होतं, आणि ज्या रेल्वेचं पोट कोळशावर भरतं तिने कोळशाचंच इंजिन चालवावं ही भावनाही होती. पण मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कारण जुन्या इंजिनांच्या पोटातच होतं.

वाफेच्या इंजिनाची ताकद सिलिंडरमध्ये दिसते, पण तयार होते फायरबॉक्समध्ये. तिथली शेगडी जेवढी मोठी तेवढी आग मोठी, तेवढी वाफ जास्त. सिलिंडर कितीही मोठे केले तरी मागून वाफ पुरली नाही तर इंजिन सुरुवातीला जोर लावतं आणि वेग वाढला की धापा टाकतं. ओहायोतल्या लायमा कारखान्याचा अभियंता विल्यम वुडर्ड याने हे दुखणं नेमकं ओळखलं. १९२५ साली त्याने ए-१ नावाचं इंजिन बनवलं. त्यात १०० चौरस फुटांची शेगडी होती, आणि एवढा मोठा फायरबॉक्स पेलायला मागे दोनऐवजी चार चाकांची गाडी. बर्कशायरच्या डोंगरांत त्याची चाचणी झाली तेव्हा ते दुसऱ्या चांगल्या इंजिनानंतर निघालं, जास्त वजन घेऊन निघालं, आणि तरी वाटेत त्याच्या पुढे गेलं. अमेरिकेतलं मालगाडीचं इंजिन त्यानंतर बदललं. किती ओढतं यासोबतच किती वेगात ओढतं हे विचारलं जाऊ लागलं.

रेडिंगकडे मात्र रुंद शेगडी फार आधीपासून होती. त्यांच्याच जॉन वूटनने १८७७ साली अँथ्रासाइट कोळशाच्या खाणींचा टाकाऊ चुरा जाळण्यासाठी रुंद फायरबॉक्स शोधून काढला होता. तो चुरा पातळ थरात, सावकाश जाळावा लागतो, म्हणून शेगडी पसरट. हीच परंपरा आय-१० मध्ये उतरली आणि तिची शेगडी साडेचौऱ्याण्णव चौरस फुटांची झाली. म्हणजे आग तयार होती. पाय तेवढे चुकीचे होते: साडेएकसष्ट इंच व्यासाची चाकं, वेगाला निरुपयोगी. कारखान्याने बॉयलर उतरवला, पुढच्या टोकाला नवं कडं जोडून तो लांब केला, दाब २२० पौंडांवरून २४० वर नेला, खाली एकसंध ओतीव पोलादाची नवी चौकट घातली आणि ७० इंचांची चाकं दिली. ज्या कुणाला जुन्या इंजिनात हे नवं इंजिन दिसलं असेल, त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो. कोऱ्या कागदावर आराखडा काढणं अवघड असतंच. वीस वर्षं राबलेल्या यंत्रातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवायला त्या यंत्राशी रोजची ओळख लागते.

चाकांचंच घ्या. इंजिनाच्या मोठ्या चाकावर पोलादी टायर असतो आणि झिजला की तो बदलतात. नवा टायर चाकापेक्षा किंचित लहान कातलेला असतो. त्याच्याभोवती गॅसची गोल शेगडी पेटवतात, तो तापून फुगतो, मग चाक त्यात बसवतात आणि थंड होताना तो असा आवळतो की पुढे ब्रेकच्या घर्षणातही सहसा ढळत नाही. आमच्या गावात लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवायचा तो असाच, फक्त गोवऱ्यांच्या जाळावर. किती इंच व्यासाला किती सूट ठेवायची याचे तक्ते असतात. टायर पुरेसा तापला आहे हे कारागीर तक्ता बघून ठरवत नसे.

माझे वडील, नाना, रेल्वेत बॉयलरमेकर होते. मध्य रेल्वेच्या एका स्टीम शेडमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यांच्या हाताखालून गेलेली बहुतेक इंजिनं डब्ल्यूजी वर्गाची, मालगाडीची. आराखडा भारतीय रेल्वेचा, पण इंजिनं अनेक देशांतून बांधून आली, नंतर चित्तरंजनला बनू लागली. त्यातली ५० बाल्डविनने १९५५ च्या सुमारास भारतासाठी बांधली. बाल्डविनचं तेव्हा लायमाशी विलीनीकरण झालं होतं, आणि वाफेची इंजिनं बांधण्याचं त्या घराण्याचं हे अगदी अखेरचं काम. ज्या कंपनीने १८३१ पासून सत्तर हजारांवर इंजिनं बांधली, तिच्या शेवटच्या वाफेच्या इंजिनांना अमेरिकेत गिऱ्हाईक उरलं नव्हतं. ती आपल्याकडच्या उन्हात येऊन राबली. त्यांच्यावरची पाटी नानांना पाठ होती. ती इंजिनं बाकीच्यांपेक्षा चांगली असं ते कधी म्हणाले नाहीत. “आराखडा एकच, पण हात वेगळा कळतो,” एवढंच म्हणायचे.

अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी वाफेची इंजिनं बांधणं त्याआधीच संपत आलं होतं. आल्को कंपनीने शेनेक्टडीच्या कारखान्यात १९४८ साली पिट्सबर्ग अँड लेक इरी रेल्वेसाठी आपली शेवटची वाफेची इंजिनं बांधली. त्यांचे टेंडर, म्हणजे मागची कोळसा-पाण्याची गाडी, लायमाकडून करून घ्यावे लागले, कारण आल्कोने आपला टेंडरचा विभाग आधीच मोडून टाकला होता. इंजिनाचं काम चालू असताना शेजारची शेड रिकामी झालेली. त्या दिवसांत तिथल्या बॉयलरच्या विभागात जे कामाला जात असतील, त्यांना आपल्या कामाची मुदत दिसतच असेल. लायमाने १९४९ च्या मे महिन्यात निकेल प्लेट रेल्वेचं ७७९ बाहेर काढलं आणि थांबली. बाल्डविनने त्याच सप्टेंबरात चेसापीक अँड ओहायो रेल्वेला १३०९ दिलं. मागणी २५ इंजिनांची होती, ती १० वर आली, आणि हे त्यातलं शेवटचं. सात वर्षांत तेही बंद पडलं. रोअनोकला नॉरफोक अँड वेस्टर्नने मात्र स्वतःच्या कारखान्यात १९५३ च्या डिसेंबरपर्यंत इंजिनं बांधली. वाफेवरची निष्ठा धरून ठेवणारी ती सर्वांत चिवट रेल्वे. १९६० साली तिनेही सोडलं.

रेडिंगच्या टी-१ इंजिनांना तर जेमतेम दहा वर्षं मिळाली. जन्म पुनर्बांधणीतला, तोही अशा वेळी जेव्हा समोर डिझेल दारात उभं होतं. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर ती नेहमीच्या कामातून निघाली. १९५९ ते १९६४ या काळात काही टी-१ इंजिनांनी हौशी प्रवाशांच्या सहली नेल्या, आणि त्या सहलींमुळेच काही वाचली. आज तीसपैकी चार उरली आहेत: २१००, २१०१, २१०२ आणि २१२४. बाकी सव्वीस वितळली. मला त्या सव्वीसांबद्दल वाईट वाटतं, आणि वर्षं उलटली म्हणून ते वाटणं कमी होत नाही. यंत्र कधीतरी मोडीत जाणारच, हे मान्य आहे. पण एवढ्या समजुतीने केलेलं काम एवढ्या लवकर मोडीत निघावं?

नानांना हा प्रश्न असा पडत नसे. बॉयलरच्या आत बसून ज्याने रिव्हेटवर घण चालताना सोसलाय, त्याला धुराची ओढ नसते. त्यांचे कान त्या कामात गेले. जगभरातल्या बॉयलरमेकरांचे गेले, अमेरिकेत तर या बहिरेपणाला त्या धंद्याचंच नाव होतं. साठीनंतर नानांशी बोलायचं तर समोर बसून, ओठ दिसतील असं बोलावं लागे. डिझेल आलं ते बरं झालं, असं ते स्वच्छ सांगत.

म्हणूनच बहिणीकडे न्यू जर्सीला गेलो असताना त्यांनी स्वतःहून स्क्रँटनला जायचं काढलं, याचं आम्हाला आश्चर्य वाटलं. तिथे स्टीमटाउन हे राष्ट्रीय स्मारक आहे, जुन्या रेल्वे आवारात वसवलेलं, चालू कारखान्यासकट. रेडिंगचं २१२४ तिथे उभं आहे. बाल्डविनच्या एडिस्टोन कारखान्यात शंटिंग करणारं, १९२९ चं छोटं २६ नंबरचं इंजिन तिथे दुरुस्त होऊन चालू झालं होतं. त्याने शिट्टी दिली तेव्हा लहान मुलांनी कान झाकले. नानांनी मान वळवली नाही. त्यांनी कठड्याच्या लोखंडी नळीवर तळवा टेकवला होता, आणि इंजिन जवळून जाताना ते माझ्याकडे बघून म्हणाले, “लागतंय.”

त्यांना खरं बघायचं होतं ते कारखान्यात. एक बॉयलर कवच उतरवून ठेवला होता. फायरबॉक्सच्या दोन भिंती, आतली आगीची आणि बाहेरची, यांच्यामध्ये पाणी असतं, आणि त्या भिंती दाबाने फाकू नयेत म्हणून त्यांना चार-चार इंचांवर बोल्टांनी जखडलेलं असतं. तेच स्टे. मोठ्या इंजिनात ते हजाराच्या वर असतात. कवच काढलं की त्यांची डोकी ओळीने दिसतात, आणि प्रत्येक डोक्याच्या मधोमध एक बारीक भोक. नानांनी तिथल्या कामगाराला खुणेने विचारलं, त्याने हसून होकार दिला, आणि नानांनी ते भोक बोटाने मला दाखवलं. स्टे आत तुटला की पाणी त्या भोकातून बाहेर येतं. तुटलेला स्टे आपणच सांगतो की मी तुटलो. पण भोकात मळी साचली तर तो मुका राहतो. म्हणून हातोडी. आत शिरायचं, प्रत्येक स्टेवर हलका टोला द्यायचा आणि ऐकायचं. शाबूत स्टे खणखणतो. तुटलेला बद्द वाजतो. अर्धा तडकलेला मात्र खणखणतोही आणि नाहीही, आणि बॉयलरमेकर म्हणून तुमची परीक्षा तिथे. हे सगळं ते त्या गोऱ्या कामगारासमोर मराठीत, मोठ्या आवाजात सांगत होते, आणि तो माणूस काम थांबवून त्यांच्या हाताकडे बघत होता. हात दर वेळी मनगटातूनच हलत होता.

पुढे काही वर्षांनी नाना गेले. त्यांच्यामागे मी या इंजिनांबद्दल जे मिळेल ते वाचत गेले. २१०१ बाल्टिमोरच्या भंगार यार्डातून विकत घेऊन महिनाभरात चालू केलं गेलं, अमेरिकेच्या द्विशताब्दीच्या फ्रीडम ट्रेनला त्याने ओढलं, आणि १९७९ साली शेडला लागलेल्या आगीत ते भाजलं. आता बाल्टिमोरच्याच संग्रहालयात आहे. २१०२ पोर्ट क्लिंटनच्या एका छोट्या रेल्वेने २०१६ पासून पुन्हा सोडवायला घेतलं, आणि २०२२ साली ते रेडिंगहून प्रवासी घेऊन निघालं. २१०० क्लीव्हलंडच्या जुन्या राउंडहाउसमध्ये स्वयंसेवकांच्या हाती आहे. १३०९ सुद्धा २०२१ च्या अखेरीस मेरीलँडमध्ये पुन्हा धावलं. ही कामं करणारी बरीच माणसं अशी आहेत की त्यांच्या जन्माआधी वाफ संपली होती. त्यांच्याकडे जुने आराखडे असतात, पत्र्याची जाडी मोजणारी अल्ट्रासॉनिक यंत्रं असतात, आणि सरकारी नियम असतात: १,४७२ कामाचे दिवस किंवा पंधरा वर्षं झाली की इंजिन पूर्ण उघडून बॉयलरचा सगळा हिशेब पुन्हा मांडायचा.

त्या नियमांतच मला नानांची हातोडी सापडली. अमेरिकेत आजही चालणाऱ्या वाफेच्या इंजिनांचे स्टे दर ३१ कामाच्या दिवसांनी हातोडीने वाजवून तपासावे लागतात. भोकाचा व्यास किती, खोली किती, हेही लिहिलंय. बद्द वाजणं म्हणजे कसं, हे लिहिलेलं नाही; ते कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवायचं असतं. नानांनी मला घरी पितळी पातेल्यांवर दाखवलं होतं, एक चांगलं आणि एक चीर गेलेलं घेऊन, आणि मला फरक लगेच कळला होता. मग त्यांनी तिसरं पातेलं पुढे केलं, ज्याची चीर डोळ्यांना दिसत नव्हती. ते चांगलं आहे असं मी म्हणाले. नानांनी ते घेतलं, कानाशी न नेता बोटांच्या टोकांवर तोललं, नखाने टिचकी मारली आणि चीर गेलेल्याच्या बाजूला ठेवलं. तेव्हा त्यांना ऐकू येणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती.