हर्रासाचे घर

घर घ्यायचे म्हटले की आपण आधी दलालाला विचारतो, मग सोयऱ्याधायऱ्यांना, आणि कागदाकडे सगळ्यांत शेवटी वळतो. मी मात्र कागदापासूनच सुरुवात केली, आणि तीही एका फलकावर चिकटवलेल्या कागदापासून.

मुलगी अमरावतीला कॉलेजात जाऊ लागली. गावाहून रोजची ये-जा तिला झेपेना. बडनेऱ्यात दोन खोल्या घ्याव्या असे घरात ठरले. गाठीला दोन हंगामांचा कापूस, थोडी तूर आणि पोस्टातली ठेव. एवढ्यात सरळ खरेदी बसेना. तेव्हा कोणीतरी म्हणाले, लिलावाचे बघा. लिलाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. आमच्या वऱ्हाडात त्याला हर्रासही म्हणतात.

हे लिलाव कळतात कुठे? बँकेला घर विकायचे असेल तर दोन वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी लागते, त्यांतले एक इथल्या भाषेतले. ती आतल्या पानावर इतक्या बारीक अक्षरांत असते की चष्मा पुसूनच वाचावी. सरकारी बँकांचे लिलाव २०२५ पासून ‘बँकनेट’ या संकेतस्थळावरही दिसतात. मुलगी मोबाईलवर दाखवते. तिथे ‘सांकेतिक ताबा’ असे लिहिले असेल तर समजा, घरात अजून माणसे राहतात आणि त्यांना बाहेर काढायचे बाकी आहे. ‘जसे आहे, जेथे आहे’ म्हणजे घराची थकलेली पट्टी, विजेचे बिल, बांधाचा तंटा, सगळे शोधून काढणे तुमच्याकडे. मिळकत पत्रिका काढा, दुय्यम निबंधकाकडे जुने व्यवहार तपासा, महानगरपालिकेत कराचे विचारा.

शेतजमिनीचे निराळे आहे. बँकांच्या २००२ च्या कायद्याने शेतजमीन वगळली आहे, त्या कायद्याखाली बँक तुमचे वावर विकू शकत नाही. पण सहकारी संस्थेच्या थकबाकीसाठी किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यावर वावराचाही लिलाव होतो. आणि विदर्भाच्या १९५८ च्या कुळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही. म्हणून शहरातल्या सोयऱ्याच्या नावाने बोली लावायच्या भानगडीत पडू नका.

मला सापडला तो कागद तहसीलच्या फलकावर होता. एका पतसंस्थेने जुन्या वस्तीतले घर विकायला काढले होते. सहकारी वसुलीच्या १९६१ च्या नियमांत विक्रीआधी तीस दिवस तहसीलच्या ठिकाणी नोटीस लावायची आणि गावात दवंडी द्यायची, असे आहे. नोटीस मी वाचली. दवंडी काही कानी आली नाही.

घर पाहायला गेलो. दारात एक बाई तांदूळ निवडत होती. मी नाव-गाव सांगायच्या आधीच ती म्हणाली, “बसा जी. घर पाहाले आले असान.” तिने पाणी दिले. मग स्वतःच उठून सगळे दाखवले. चूल, मोरी, मागची खोली. “इथं पावसात गळते, थे आधीच सांगतो.” भिंतीवर पोरांची उंची कोळशाने मांडलेली होती. दुकान बुडाले आणि कर्ज थकले, एवढेच तिने सांगितले. मी पाणी पिऊन निघालो.

घरी सौभाग्यवतीला सांगितले. ती म्हणाली, “आपण नाही घेतले तर दुसरा कोणी घेईल.” हे खरेच होते. मी बोली लावली. चौदा लाखांना घर माझ्या नावे पुकारले गेले. पंधरा टक्के म्हणजे दोन लाख दहा हजार जागेवरच भरावे लागले, उरलेले पंधरा दिवसांत. तेही भरले.

आता इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ती मला विक्री अधिकाऱ्याने सांगितली तेव्हा मी कानाआड केली होती. सहकारी लिलावात बोली तुटली की घर तुमचे झाले असे नाही. तीस दिवसांच्या आत मूळ मालकाने सगळी थकबाकी भरली आणि खरेदीदारासाठी बोलीच्या पाच टक्के रक्कम जमा केली, तर लिलाव रद्द करून मागता येतो. तेवढे दिवस आपले पैसे अडकून राहतात. म्हणून त्या काळात कुणाला शब्द देऊ नये, सामान बांधू नये. आम्ही तर पडद्यांचे कापडसुद्धा आणले होते.

सत्ताविसाव्या दिवशी त्या माणसाने पैसे भरले. कुठून आणले ते नंतर कळले. भावाने बैलजोडी विकली, बाईच्या अंगावरचे होते ते गेले. लिलाव रद्द झाला. माझे चौदा लाख परत आले आणि वर पाच टक्क्यांचे सत्तर हजार.

ते सत्तर हजार घ्यावे की नाही, यावर आमच्या घरात दोन दिवस चूल धुमसत होती. नियमाने ते माझेच होते. महिनाभर माझीही पुंजी गुंतली होती आणि मोडलेल्या ठेवीचे व्याजही बुडाले होते. पण त्यांत एका बैलाची किंमत होती, हेही मला ठाऊक होते. मी घेतले. सौभाग्यवतीने ते हातात धरले नाहीत, “तुम्हीच ठेवा कपाटात,” म्हणाली. मुलीच्या खोलीच्या भाड्यात ते गेले.

घर अजून मिळालेले नाही. दर आठवड्याला तहसीलच्या फलकापाशी थांबतो. पण आता नोटीस वाचली की आधी तीस दिवस मोजतो आणि मगच किमतीकडे बघतो.

परवा बडनेऱ्याच्या बाजारात ती बाई दिसली. मी तोंड चुकवून मेथीच्या पालाकडे वळलो होतो. तिनेच हाक मारली. “भाऊ, मांगच्या खोलीवर नव्या टिना टाकल्या जी. आता गळत नाही.”