शिकागोचा शेतकरी रेडिओ

डब्ल्यूएलएस हे रेडिओ केंद्र १२ एप्रिल १९२४ रोजी शिकागोत सुरू झाले. ते काढले सीअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीने. ‘वर्ल्ड्स लार्जेस्ट स्टोअर’ या तिच्या बिरुदाची आद्याक्षरेच केंद्राचे नाव झाली. कंपनीचे गिऱ्हाईक मुख्यतः खेड्यापाड्यांतले. पहिल्या महायुद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्याच्या हाती पैसा उरेना, आणि त्याची झळ सीअर्सच्या गल्ल्यालाही लागली. म्हणून कंपनीने शेतीसाठी एक प्रतिष्ठान स्थापले आणि केंद्र त्याच्याकडे सोपवले. हेतू धंद्याचा होता. शेतकऱ्याच्या पदरात पडले ते मात्र अस्सल होते.

शिकागोच्या जनावरांच्या बाजारात आज डुकरे किती आली, मक्याचा भाव काय निघाला, उद्या पाऊस आहे का, हे त्याला आता घरबसल्या कळू लागले. तोवर त्याची भिस्त शिळ्या वर्तमानपत्रावर, नाहीतर दलालाच्या शब्दावर असे. भाव आधी कळला म्हणजे माल आज पाठवायचा की चार दिवस थांबायचे, हे स्वतः ठरवता येते. शेतकऱ्याच्या आयुष्यात एवढी मोकळीकही फार मोठी असते.

केंद्र सुरू झाल्यावर आठवड्याने, १९ एप्रिलच्या शनिवारी रात्री, ‘बार्न डान्स’ हा संगीताचा कार्यक्रम सुरू झाला. काम आटोपल्यावर शेजारीपाजारी कोठारात जमून फिडलच्या तालावर नाचत, ती रीत तिथल्या खेड्यांत जुनीच होती. आता ती ध्वनिलहरींवर आली. हे गावंढळ संगीत कंपनीतल्या काही वरिष्ठांना रुचले नाही. पण श्रोत्यांच्या पत्रांचा असा पूर लोटला, की कार्यक्रम बंद करण्याची सोय राहिली नाही.

या मंचावर लोकप्रिय झालेला गायक ब्रॅडली किनकेड केंटकीच्या डोंगराळ भागातला. त्याच्या वडिलांनी शिकारी कुत्रा देऊन बदल्यात एक जुनी गिटार आणली होती. तिच्यावर तो घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कथागीते म्हणे. १९२८मध्ये त्याच्या गाण्यांचे पुस्तक निघाले, ते लाखाच्या घरात खपले. आणि ‘हाउंड डॉग’ नावाची गिटार सीअर्सच्या कॅटलॉगात आली. आईच्या तोंडची गाणी मोलाची असतात, हे शेतकऱ्यांच्या मुलांना या केंद्राने ऐकवले. त्याचे सर्वांत मोठे काम हेच.

ऐकणाऱ्यांच्या घरी बहुधा वीज नव्हती. १९३०च्या सुमारास अमेरिकेत दहांतल्या जेमतेम एका शेतघरात ती पोहोचली होती. रेडिओ बॅटरीवर चाले आणि बॅटरी उतरली की ती चार्ज करून आणावी लागे, म्हणून ती जपून वापरावी लागे. निसर्ग मात्र शनिवार रात्रीच्या ‘बार्न डान्स’च्या बाजूने होता. रेडिओच्या मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत थोडे अंतर जातात. रात्री त्या वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर उतरतात. त्यामुळे शिकागोचा शनिवार कितीतरी राज्यांत ऐकू जाई.

१८ मार्च १९२५ रोजी मिझुरी, इलिनॉय आणि इंडियाना या राज्यांतून टॉर्नेडो गेला. सुमारे ७०० माणसे दगावली. केंद्राने मदतीची हाक दिली, तेव्हा श्रोत्यांनी दोन लाखांहून अधिक डॉलर पाठवले. भाव आणि गाणी ऐकणारे लोक एव्हाना एकमेकांचे झाले होते.

१९२८मध्ये सीअर्सने केंद्र ‘प्रेअरी फार्मर’ला विकले. १८४१पासून निघणारे हे शेतकऱ्यांचे नियतकालिक तेव्हा बरिज बटलर यांच्या मालकीचे होते. १९३२पासून ‘बार्न डान्स’ एट्थ स्ट्रीट थिएटरात तिकीट लावून होऊ लागला आणि १९३३पासून, अल्का-सेल्ट्झर या औषधाच्या प्रायोजकत्वाखाली, एनबीसी या रेडिओ जाळ्यावरून देशभर पोहोचला. जीन ऑट्री, पॅट्सी मोंटाना, लुलू बेल आणि स्कॉटी या गायकांची नावे इथूनच घरोघर गेली.

दूरदर्शन संच आले, शेते मोठी आणि शेतकरी कमी झाले. १९६०मध्ये केंद्र पूर्णपणे एबीसी या दुसऱ्या जाळ्याकडे गेले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिथे रॉक-एन-रोल वाजू लागले. ‘बार्न डान्स’ शिकागोच्याच डब्ल्यूजीएनवर काही वर्षे टिकला आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस थांबला. त्याचा सुरुवातीचा निवेदक जॉर्ज हे हा मात्र १९२५मध्येच नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावर गेला होता. तिथे त्याने सुरू केलेला शनिवारचा कार्यक्रम ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नावाने आजही चालू आहे.