टोकन कोणाच्या ड्रॉवरमध्ये आहे?

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, पण आपल्या बजाजनगरात ज्यांचं छोटं-मोठं वर्कशॉप आहे किंवा घरात कोणी ग्रामपंचायतीचा पदाधिकारी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

वाळूज एमआयडीसीत कॉम्प्युटरची कामं करत फिरताना एक दृश्य मला हमखास दिसतं. सल्लागाराच्या ऑफिसात एक ड्रॉवर. त्यात पेनड्राइव्हसारखी दिसणारी पंधरा-वीस यूएसबी टोकन. प्रत्येकावर चिकटपट्टी, त्यावर मालकाचं नाव आणि खाली पिन. ही आहे डीएससी, म्हणजे डिजिटल सही. टेंडर, जीएसटी, कंपनीचे रिटर्न, सगळं हिच्यावर चालतं. कोऱ्या चेकवर सही करून चेकबुक दुसऱ्याकडे ठेवाल का? मग हे कसं चालतं?

आधी ही सही असते काय ते सांगतो. किल्ल्यांची एक जोडी असते. एक खाजगी, ती टोकनच्या आत राहते. दुसरी सार्वजनिक, ती कोणालाही द्या. खाजगीने सही करायची, सार्वजनिकने तपासायची. पण ही सार्वजनिक किल्ली अमक्याचीच, हे कोण सांगणार? त्यासाठी परवानाधारक संस्था तुमची ओळख तपासून तुमच्या सार्वजनिक किल्लीवर स्वतःची सही करते. त्यालाच सर्टिफिकेट म्हणतात. आणि त्या संस्थेच्या किल्लीवर सही असते दिल्लीच्या सीसीएची, म्हणजे केंद्र सरकारच्या नियंत्रकाची.

हे सगळं घरी फुकटात करून बघता येतं. लिनक्सवर ओपनएसएसएल नावाचं टूल असतं. बटणं नाहीत, काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायची. मी पोरांना शिकवताना आधी किल्ल्यांची जोडी बनवायला लावतो, मग अर्जाची फाइल, मग स्वतःच 'संस्था' होऊन त्या अर्जावर सही. नाव टाकायचं 'गणपती बाप्पा'. 'व्हेरिफाय' कमांड दिली की उत्तर येतं, ओके! पोरं हसतात. मी म्हणतो, सही खरीच आहे, पण सर्टिफिकेट दिलं कोणी? तूच. मग 'फक्त सीसीएवर विश्वास ठेव' असं सांगून तीच कमांड द्या, लगेच नापास. सर्टिफिकेटातलं एक अक्षर बदला, तरी नापास.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. कागदात फेरफार झालाय का? आणि सही करणाऱ्याची ओळख कोणी पटवली? डिजिटल सातबारा पीडीएफमध्ये उघडल्यावर पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं, लोक घाबरतात, "बनावट आहे का भाऊ?" बऱ्याचदा तसं काही नसतं. आपल्या कॉम्प्युटरला सीसीए माहीत नसतो, एवढंच. आणि प्रिंट काढली की डिजिटल सही संपली, उरतं ते चित्र. म्हणून सातबाऱ्यावर 16 अंकी पडताळणी क्रमांक असतो, तो महाभूमीच्या साइटवर टाकून बघा.

आता मुद्द्याचं. वरच्या सगळ्या तपासणीत खाजगी किल्ली एकदाही लागली नाही. तपासायला ती लागतच नाही. त्यामुळे "जरा चेक करायचंय, टोकन आणि पिन द्या" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

ग्रामपंचायतीत तर हे जास्त गंभीर आहे. वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराजवरून ऑनलाइन जातो. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, ते बिल तयार करतात आणि सरपंच मंजूर करतात. दोघांच्या दोन डीएससी. एकाने चुकीचं केलं तर दुसऱ्याने अडवावं, म्हणून दोन. दोन्ही टोकन एकाच माणसाच्या खिशात असतील तर दोन सह्यांना अर्थ काय? महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांच्या. पूर्वी सरपंचबाईंचा अंगठा कोण घ्यायचं ते आपण पाहिलंय. आता टोकन पतिराजांकडे किंवा ऑपरेटरकडे. अंगठा निदान बाईंना स्वतः लावावा लागायचा, टोकनला तर त्यांची गरजही नाही.

कायदा स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000, कलम 42: खाजगी किल्ली ताब्यात ठेवण्याची जबाबदारी सहीवाल्याची. किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली तर विनाविलंब संस्थेला कळवायचं. दुसऱ्याची डिजिटल सही फसवणुकीने वापरली तर कलम 66-क, 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड. पण चौकशी लागली की पहिला प्रश्न ज्याचं नाव सर्टिफिकेटवर, त्यालाच. "मला माहीतच नव्हतं" हे सांगणं फार अवघड जातं.

तेव्हा उद्या एवढं करा. आपलं टोकन परत आणा. पिन बदला. सर्टिफिकेटची मुदत बघा. सल्लागाराला काम करायचं असेल तर टोकन घेऊन स्वतः जा, समोर बसा, काम झालं की काढून घ्या. त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही. उद्या काही घोळ झाला तर तोही सुटतो.

ग्रामसभेत रस्ते-नाल्यांबरोबर एक प्रश्न विचारा: सरपंचांचं टोकन कोणाकडे असतं? उत्तर काय मिळालं ते कमेंटमध्ये सांगा. कोणाला ओपनएसएसएल शिकायचं असेल तर रविवारी मोहटादेवी चौकात भेटू, चहा माझ्याकडून.